बेल्ट नवा, आवाज तोच : एका पिकअपच्या टेन्शनरचे प्रकरण

गाडी शेव्हरोले सिल्वराडो १५००, २००८ चे मॉडेल, ५.३ लिटरचे पेट्रोल व्ही-८ इंजिन. धाव १,६०,००० मैलांच्या आसपास, म्हणजे अडीच लाख किलोमीटरच्या पुढे. ठिकाण अमेरिकेतले मिशिगन, जिथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. मालक मूळचे सांगलीचे. घरांची सुतारकामे आणि लहानसहान दुरुस्त्या हा त्यांचा व्यवसाय, त्यामुळे गाडीत कायम हत्यारांच्या पेट्या आणि मागे अधूनमधून ट्रेलर. त्यांनी सांगितलेली तक्रार अशी : “सकाळी गाडी चालू केली की पाखरं ओरडावीत तशी चिवचिव करते. मध्ये बेल्ट बदलून घेतला. काही आठवडे गप्प होती. आता परत सुरू झालंय.”

हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले ते त्यातल्या मधल्या वाक्यांमुळे. बेल्ट म्हणजे इंजिनच्या पुढच्या बाजूच्या पुल्या फिरवणारा रबरी पट्टा. तो बदलला, आवाज गेला, म्हणजे दोष बेल्टचाच होता, असे कोणालाही वाटेल. पण नवा बेल्ट मऊ असतो, त्याच्या धारा, म्हणजे पुलीच्या खाचांत बसणारे लांब उंचवटे, पूर्ण उंचीच्या असतात, आणि तेवढ्या जोरावर तो शेजारच्या भागाचा दोष काही दिवस झाकून ठेवतो. धारा जरा झिजल्या की आवाज परत येतो. मग पुन्हा बेल्ट बदलला जातो आणि खरा दोषी भाग तिथेच राहतो. या गाडीत तो दोषी भाग होता टेन्शनर, म्हणजे बेल्टला ताण देणारा भाग.

तक्रारीचा क्रम

मालकांना आधी फक्त आवाजाबद्दल बोलायचे होते. पण खोदून विचारल्यावर तीन गोष्टी निघाल्या, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरला. पहिली, थंड सकाळची चिवचिव. ती इंजिन तापल्यावर बंद व्हायची. दुसरी, पावसाळी संध्याकाळी पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवले की एक लांबलचक किंकाळी. तिसरी, अगदी अलीकडची : तशाच एका वळणात डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा क्षणभर लुकलुकला आणि स्टेअरिंग हाताला जड लागले.

चिवचिव आणि किंकाळी हे दोन वेगळे आवाज आहेत. त्यांना एकत्र ‘बेल्टचा आवाज’ म्हटले की निदान तिथेच चुकायला लागते. चिवचिव तुटक असते, एका लयीत येते, इंजिनचा वेग वाढला की तिची लय वाढते. ती बहुधा बेल्ट एखाद्या पुलीत तिरका शिरत असल्याची खूण. किंकाळी सलग असते आणि भार वाढला की येते. ती बेल्ट पुलीवर घसरत असल्याची, म्हणजे ताण कमी पडल्याची किंवा एखादी पुली जड झाल्याची खूण. घरघर किंवा खरखर असेल तर आधी बेअरिंगकडे पाहावे. इथे आधी चिवचिव आणि मग किंकाळी आली. म्हणजे आधी काहीतरी तिरके झाले आणि नंतर ताणही घटला. दोन्ही गोष्टी एकाच भागातून होऊ शकतात का, हा प्रश्न घेऊन तपासणी सुरू केली.

टेन्शनर नेमके काय करतो

या इंजिनावर पुढच्या बाजूला दोन बेल्ट आहेत. मोठा बेल्ट क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून निघून अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र), पॉवर स्टेअरिंगचा पंप आणि वॉटर पंप फिरवतो. एसीच्या कॉम्प्रेसरला वेगळा, आखूड बेल्ट आहे आणि त्याचा टेन्शनरही वेगळा आहे. ही बाब पुढे पार्ट मागवताना आडवी आली.

जुन्या गाड्यांत प्रत्येक कामाला वेगळा व्ही-बेल्ट असे. तो सैल पडला की अल्टरनेटर टॉमीने बाहेर ओढायचा, लांब खाचेतला बोल्ट आवळायचा आणि अंगठ्याने दाबून पाहायचे. बहुतेकांच्या डोक्यात बेल्टची कल्पना आजही तीच आहे : सैल झाला, ताणून घ्या. १९७९ च्या फोर्ड मस्टँगवर एकच लांब, अनेक धारांचा, दोन्ही अंगांनी काम करणारा सर्पेंटाइन बेल्ट आला आणि पुढे तीच पद्धत जगभर रुळली. या बेल्टला हाताने ताणायची सोय नसते. ताण देणे हे एका स्वतंत्र यंत्राचे काम झाले, आणि ते यंत्र म्हणजे टेन्शनर : एक खोकी, तिच्यात पीळ दिलेली स्प्रिंग, तिच्यावर झुलणारा आर्म आणि आर्मच्या टोकाला पुली.

स्प्रिंगचे काम सगळ्यांना कळते. बेल्टच्या धारा झिजल्या की तो पुलीच्या खाचांत खोल बसतो आणि लांबी वाढल्यासारखे होते. स्प्रिंग ती वाढ खाऊन टाकते. पण टेन्शनरचे दुसरे काम जास्त कष्टाचे आहे, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. व्ही-८ इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ४ सिलिंडर पेटतात. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर रेंगाळत असेल तर सेकंदाला ४० धक्के झाले. प्रत्येक धक्क्याला क्रँक किंचित पुढे झेपावते आणि मग मंदावते. अल्टरनेटरचा जड रोटर मात्र आपल्याच वेगाने फिरत राहू पाहतो. ही ओढाताण बेल्टवर येते आणि टेन्शनरचा आर्म ती झेलतो. या ५.३ लिटरच्या इंजिनात हलका भार असताना ८ पैकी ४ सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आहे. तेव्हा फेऱ्यामागे धक्के निम्मे होतात, पण प्रत्येक धक्का मोठा होतो.

हे धक्के नुसत्या स्प्रिंगवर सोडले तर आर्म सतत नाचत राहील. म्हणून खोकीत घर्षणाची एक बुश (कडीसारखा भाग) असते. ती आर्मला घट्ट धरून ठेवते आणि नाच जिरवते. घासत राहणे हेच तिचे काम असल्याने तीच झिजते. टेन्शनरच्या बाबतीतला सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. आर्म पान्याने ओढून पाहतात, स्प्रिंग जोरात लागते आणि ‘टेन्शनर चांगला आहे’ असा निकाल देतात. स्प्रिंग शाबूत असूनही टेन्शनर संपलेला असू शकतो. बुश झिजली की दोन गोष्टी होतात. आर्म फडफडायला लागतो, आणि तो ज्या खुंटावर झुलतो तिथे ढिलाई आल्यामुळे तो एका अंगाला कलतो. आर्म कलला की पुली कलते, आणि बेल्ट पुढच्या पुलीत तिरका शिरतो.

हा तिरकेपणा किती चालतो? ढोबळ नियम असा की एका फुटाच्या अंतरात १/१६ इंचाहून जास्त फरक नको. कोनात सांगायचे तर अंशाचा जेमतेम तिसरा हिस्सा. इतका थोडा कल नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही, पण बेल्ट मात्र बोलू लागतो.

तपासणी

पहिला पुरावा गाडीच्या मागच्या सीटखाली मिळाला. मालकांनी जुना बेल्ट फेकला नव्हता, ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून ठेवला होता. त्याच्यावर एकही भेग नव्हती. यावरून काही सिद्ध होत नाही, कारण पूर्वीचे निओप्रिनचे बेल्ट झिजले की भेगाळत, पण आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट भेग न पडताच झिजतात. टायरची नक्षी घासून जावी तशा त्यांच्या धारा बारीक होतात. म्हणून भेगा मोजण्यापेक्षा खाचांची खोली पाहावी लागते, त्यासाठी प्लॅस्टिकची साधी मापपट्टी मिळते. त्या मापाने जुना बेल्ट बदलण्याजोगा होताच, पण खरी गोष्ट त्याच्या कडेला होती. पुढची कड घासून चकचकीत झाली होती आणि तिथले दोरे सुटले होते. मागची कड जशीच्या तशी होती.

मग बोनेट उघडून गाडीवरचा नवा बेल्ट पाहिला. त्याचीही पुढचीच कड खाल्ली गेली होती. एकाच जागी बसलेल्या दोन बेल्टची एकच कड झिजत असेल तर बेल्टला दोष देण्यात अर्थ नाही. जुना बेल्ट उतरवताना गॅरेजमध्ये कोणी त्याची कड पाहिली असती तर प्रकरण तेव्हाच मिटले असते. वाचकांना माझा आग्रह आहे : उतरवलेला बेल्ट टाकून देण्याआधी त्याच्या दोन्ही कडा, धारा आणि पाठ नीट पाहा. इंजिनच्या पुढच्या भागाचा तो लेखी जबाब असतो.

टेन्शनरच्या खुंटाभोवती तांबूस-तपकिरी भुकटीचा ओघळ होता. काळी भुकटी रबराची असते. तांबूस म्हणजे आतला धातू घासून बाहेर येतोय. त्यात मिठाचे पाणी मिसळून त्याचा गंज झाला होता.

इंजिन चालू करून आर्मकडे पाहिले. आर्म थोडा थरथरतोच, त्यासाठीच तो आहे. पण इथे तो एवढा नाचत होता की पुलीची कड पुसट दिसत होती. मोबाईलच्या संथ चित्रणात ते स्पष्ट झाले : हेलकावा सहा-सात मिलिमीटरच्या पुढे जात होता, आणि आर्म परत येताना पुली पुढच्या अंगाला मान टाकत होती. हे चित्रण मालकांना दाखवल्यावर पुढचे समजावून सांगावे लागले नाही. इंजिन चालू असताना हात, बाही, मफलर, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही बेल्टच्या जवळ जाता कामा नये. चित्रणही लांबूनच करावे.

त्यानंतर पाण्याची परीक्षा. साध्या फवारणीच्या बाटलीतून चालत्या बेल्टच्या धारांच्या बाजूवर थोडे पाणी मारायचे. आवाज लगेच थांबला आणि काही क्षणांत परत आला तर कल आहे. पाणी पडताच आवाज वाढला तर ताण कमी आहे. इथे इंजिन रेंगाळत असताना चिवचिव पाणी पडताच थांबली आणि ओल सुकताच परत आली. मग स्टेअरिंग टोकापर्यंत वळवून धरले आणि पुन्हा पाणी मारले, तेव्हा किंकाळी उलट चढली. म्हणजे कलही होता आणि ताणही घटला होता. सुरुवातीला मनात घेतलेल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ मिळाले होते.

याच सुमारास मालकांना सांगलीहून त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला. भावाचा सल्ला होता : “साबणाची वडी घास बेल्टला, गप्प होतंय.” आपल्याकडे हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि घाटात अडकलेल्या माणसाला घरी पोचवण्यापुरता तो समजून घेता येतो. पण सर्पेंटाइन बेल्टला साबण, मेण किंवा डब्यातला बेल्टचा फवारा मारू नये. ते खाचांत जमते, त्यावर धूळ बसते आणि बेल्ट आणखी घसरतो. त्याहून वाईट म्हणजे नंतर पाण्याची परीक्षा खोटी ठरते. आवाज ही आपल्याला फुकट मिळालेली माहिती आहे, ती पुसून टाकू नये.

आता बेल्ट उतरवायचा होता. त्याआधी बॅटरीची ऋण तार काढली. हे काम बरेच जण टाळतात. पण अल्टरनेटरच्या मागचे जाड टोक गाडी बंद असतानाही बॅटरीशी जोडलेले असते आणि आपल्या हातात लांब लोखंडी दांडा असतो. दांडा एकाच वेळी त्या टोकाला आणि इंजिनला लागला तर मोठी ठिणगी पडेल. मग टेन्शनरच्या पुलीच्या मधल्या बोल्टवर १५ मिलिमीटरचा सॉकेट बसवून आर्म हळूच ताणाविरुद्ध फिरवला, आणि बेल्ट एका गुळगुळीत पुलीवरून सरकवला. आर्म तसाच सोडून द्यायचा नाही. हाताने धरून सावकाश मागे न्यायचा. स्प्रिंगच्या जोरात बोट सापडले तर हाड मोडू शकते.

तार तात्पुरती परत जोडून, बेल्टशिवाय, इंजिन अगदी थोडे सेकंद चालवले. वॉटर पंप फिरत नसल्याने याहून जास्त चालवायचे नसते. आवाज पूर्ण गेला. म्हणजे आवाज इंजिनच्या पोटातला नव्हता, तो बेल्टच्या मार्गावरच होता.

नंतर तार पुन्हा काढून एकेक पुली हाताने फिरवली. अल्टरनेटर मऊ फिरला. स्टेअरिंगचा पंप तेलाच्या नेहमीच्या जडपणाने फिरला. वॉटर पंपाची पुली वर-खाली हलवून पाहिली, ढिलाई नव्हती, आणि त्याच्या गळतीच्या छिद्राखाली कूलंटचा डागही नव्हता. आयडलर पुली (काही न चालवता बेल्टला फक्त वाट दाखवणारी पुली) मात्र एका टिचकीने बराच वेळ फिरत राहिली आणि कोरडी सळसळ ऐकू आली. नवखा माणूस याला चांगली खूण समजतो. चांगल्या बेअरिंगमध्ये ग्रीस असते आणि ग्रीस पुलीला लवकर थांबवते. भिंगरीसारखी फिरत राहणारी आयडलर पुली ग्रीस संपल्याचे सांगते.

शेवटी टेन्शनर. पान्याने आर्म एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. हालचाल सलग आणि एकसारख्या जोराची हवी होती. इथे आर्म मध्ये एका जागी अडकला, मग सुटून उडी मारल्यासारखा पुढे गेला, आणि परत येताना तिथेच पुन्हा अडखळला. त्या अडखळण्यात बेल्टला पुरेसा ताण पोचत नव्हता. किंकाळीचे कारण ते. पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवली तर खुंटापाशी ढिलाई बोटांना लागली. सरळ पट्टी शेजारच्या पुलीच्या तोंडाला लावली तेव्हा टेन्शनरच्या पुलीची वरची कड तिच्यापासून स्पष्ट सुटलेली दिसली. चिवचिवीचे कारण ते. एकाच झिजलेल्या बुशने दोन्ही आवाज निर्माण केले होते. अडीच लाख किलोमीटर आणि इतके खारट हिवाळे काढल्यावर या भागाने हार मानली, यात बनावटीचा दोष शोधण्याचे कारण नाही.

काय बदलायचे, काय नाही

मालकांचा पहिला प्रश्न रास्त होता. “नुसती पुली मिळते ना? स्वस्तात होईल.” टेन्शनरची सुटी पुली मिळते, आणि दोष फक्त तिच्या बेअरिंगचा असेल तर तेवढीच बदलणे शहाणपणाचे आहे. इथे पुलीचे बेअरिंग त्यातल्या त्यात बरे होते. झिजली होती ती खुंटापाशची बुश. नवी पुली कललेल्या आर्मवर बसवली असती तर तीही कललेलीच राहिली असती. टेन्शनर खोलून आतली बुश बदलणे हा पर्याय नाहीच. तो उघडण्यासाठी बनवलेला नसतो आणि आतली पिळलेली स्प्रिंग धोकादायक असते. सबंध टेन्शनर बदलायचे ठरले, सोबत आयडलर पुली.

वाद झाला तो बेल्टवर. “अहो, बेल्ट तर नवाच आहे! त्याला कशाला हात लावायचा?” बेल्टच्या धारा खरेच चांगल्या होत्या. कड नुसती चकाकली असती तर मीही तो ठेवा म्हटले असते. पण पुढच्या कडेचा दोरा उघडा पडला होता. या बेल्टची ताकद रबरात नसते, आतल्या दोऱ्यांत असते. सुटलेला दोरा एखाद्या पुलीत गुंडाळला गेला तर अख्खी धार सोलून निघते. हमरस्त्यावर, मागे ट्रेलर असताना हा बेल्ट तुटला तर स्टेअरिंगची मदत, चार्जिंग आणि इंजिनचे थंड होणे या तिन्ही गोष्टी एकदम जातात. ज्याचे पोट या गाडीवर चालते त्याने टेन्शनरच्या निम्म्या किमतीच्या बेल्टसाठी हा धोका घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगितले. ते त्यांना पटले.

पार्ट त्यांनीच ऑनलाइन मागवले. टेन्शनर आला, तो जुन्याच्या शेजारी ठेवला आणि लगेच लक्षात आले की हा एसीच्या बेल्टचा आहे. एकाच इंजिनाला दोन टेन्शनर असल्यामुळे यादीत दोन्ही एकाखाली एक दिसतात. चित्रही सारखेच वाटते. नवा पार्ट बसवण्याआधी जुन्याशी ताडून पाहायला चार मिनिटे लागतात : पुलीचा व्यास आणि रुंदी, बोल्टची भोके, आर्म कोणत्या अंगाला वळतो ते, आणि बसण्याच्या तळापासून पुलीच्या मध्यापर्यंतची खोली. या खोलीत दोन मिलिमीटरचा फरक असला तरी टेन्शनर बसेल, बेल्टही चढेल, आणि चिवचिव पहिल्या दिवसापासून सुरू होईल. स्वस्त पार्टमध्ये फसगत होते ती बहुधा याच मापात. दुसऱ्या खेपेला योग्य पार्ट आला आणि ही सगळी मापे जुळली.

प्रत्यक्ष काम

टेन्शनर दोन बोल्टवर बसतो. कोरड्या प्रदेशातल्या गाडीत तो काढायला थोडकाच वेळ लागला असता. मिशिगनमध्ये पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट यांच्यामध्ये मीठ शिरते आणि दोन धातू एकमेकांना धरून बसतात. आदल्या रात्रीच बोल्टच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले. सॉकेट सहा कोनांचाच वापरला, कारण बारा कोनांचा सॉकेट गंजलेल्या डोक्याचे कोपरे खातो. बोल्ट एकदम सैल करण्याचा हट्ट केला नाही. जरा सैल, जरा परत आवळ, पुन्हा सैल, असे करत त्याला बाहेर आणले. अॅल्युमिनियममध्ये बोल्ट तुटला तर अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांचे होते. घाई करायची असेल तर दुसरीकडे करावी, इथे नाही.

टेन्शनर निघाल्यावर ब्रॅकेटचा उघडा तळ दिसला. त्यावर पांढुरक्या क्षाराचे आणि गंजाचे पापुद्रे होते. या कामातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी हीच. टेन्शनरचा तळ साधारण ७० मिलिमीटर रुंद धरला आणि त्याच्या एका अंगाखाली अर्धा मिलिमीटरचा पापुद्रा राहिला, तर टेन्शनर ०.४ अंशाने कलतो. चिवचिवीची मर्यादा अंशाच्या तिसऱ्या हिश्शाची आहे. म्हणजे नवाकोरा, अस्सल टेन्शनर मळक्या तळावर बसवला की जुन्या दोषाची हुबेहूब नक्कल तयार होते, आणि मग ‘नवा पार्टही खराब निघाला’ असे म्हटले जाते. तारेच्या ब्रशने तळ घासला, कापडाने पुसला, बोटे फिरवून खात्री केली. तळाला ठरावीक जागी बसवणारी खुंटी आणि तिचे भोकही साफ केले. ते भोक भरलेले असले तर टेन्शनर नीट टेकत नाही.

बोल्टच्या आट्या ब्रशने साफ करून कोरड्या ठेवल्या. मिठाच्या प्रदेशात आट्यांना ग्रीस किंवा गंजरोधक लावावे, असा मोह होतो. पण आवळण्याचे जे माप दिलेले असते ते कोरड्या आट्यांसाठी. तेलकट आटीवर तेवढाच टॉर्क लावला तर बोल्ट त्याहून कितीतरी जास्त ताणला जातो, आणि मऊ अॅल्युमिनियमच्या आट्या उपटून येऊ शकतात. दोन्ही बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवले, आळीपाळीने टेकवले आणि टॉर्क रेंचने ५० न्यूटन-मीटरवर आवळले.

पुल्यांच्या खाचांत जुन्या रबराचा थर होता, तो कोरड्या ब्रशने काढला. नवा बेल्ट चढवताना बोनेटखालच्या आकृतीप्रमाणे धारांच्या सगळ्या पुल्यांवर आधी बसवला, गुळगुळीत पुली शेवटी ठेवली. शेवटच्या क्षणी बेल्ट सरकवायला गुळगुळीत पुलीला कड आडवी येत नाही. मग टॉर्च घेऊन प्रत्येक पुलीपाशी बेल्टच्या दोन्ही कडा पाहिल्या. एक धार खाचेबाहेर बसणे ही इथली नेहमीची चूक, आणि ती वरून दिसत नाही. जिथे नजर पोचली नाही तिथे बोट फिरवून पाहिले. टेन्शनरच्या खोकीवरची खूण किमान आणि कमाल यांच्या मधोमध आली. खूण एका टोकाला असती तर बेल्टची लांबी चुकलेली असती किंवा तो चुकीच्या वाटेने गेला असता.

बॅटरी जोडली, इंजिन काही सेकंद चालवले, बंद केले आणि सगळ्या कडा पुन्हा तपासल्या. त्यानंतरच ते तापेपर्यंत चालवले.

नंतरची स्थिती

आर्म आता जेमतेम थरथरत होता. आधीच्याच कोनातून घेतलेल्या संथ चित्रणात पुलीची कड स्वच्छ रेषेसारखी दिसली. पाणी मारले, स्टेअरिंग टोकापर्यंत वळवले, पुन्हा पाणी मारले, आवाज नाही. मोठे दिवे, पंखा आणि मागची काच तापवणारी तार एकदम चालू करून बॅटरीपाशी व्होल्टेज मोजले, ते १४ च्या आसपास स्थिर होते. या पिढीच्या गाड्यांत संगणक गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो. दिवे बंद ठेवून मोजले तर आकडा कमी दिसू शकतो आणि चांगल्या अल्टरनेटरवर संशय येतो, म्हणून मोठे दिवे लावूनच मोजावे.

पुढच्या कडक थंडीत, पारा शून्याच्या बराच खाली असताना, मालकांनी सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करतानाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. त्यात इंजिन सोडून काही नव्हते. पाच-सहा हजार मैलांनंतर बेल्टच्या कडा पुन्हा पाहिल्या. दोन्ही सारख्या होत्या.

सांगलीच्या भावाकडेही पिकअप आहे, डिझेलची, भाजी आणि खतांच्या पोत्यांच्या वाहतुकीची. त्यांनी विचारले, आमच्या गाडीला हे लागू आहे का? टेन्शनर आपोआप ताण देणारा असेल तर नक्कीच, आणि जरा जास्तच. चार सिलिंडरच्या डिझेलमध्ये क्रँकच्या फेऱ्याला दोनच धक्के असतात, पण दाब जास्त असल्याने ते दणकट असतात आणि आर्मला जास्त राबावे लागते. तिकडे मीठ नाही, पण उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्यातल्या ओढ्या-नाल्यांचा गाळ खुंटात शिरतो आणि बुशला कानशीसारखा घासतो. गाडी चिखलातून आली की इंजिन थंड असताना पुढचा भाग हलक्या पाण्याने धुवावा. मोठ्या दाबाचा फवारा थेट पुल्यांच्या बेअरिंगवर मारू नये, त्याने सीलमधून पाणी आत जाते आणि ग्रीस बाहेर येते. भावाने आधी आर्मचे संथ चित्रण पाठवायचे कबूल केले आहे. साबण तोवर बाजूला राहील.

चुकून आलेल्या एसीच्या टेन्शनरचे काय करायचे, हे उरले होते. ‘आलाच आहे तर तोही बदलून टाकू’ असा मालकांचा विचार होता. आम्ही एसीचा बेल्ट उतरवून त्याचा आर्म तसाच टोकापासून टोकापर्यंत फिरवला. हालचाल सलग होती, खुंटात ढिलाई नव्हती, बेल्टच्या दोन्ही कडा शाबूत होत्या. पार्ट परत पाठवून दिला.